प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या यादीची स्वतःची एक बोली आहे. आमदार लेखी विचारतो: अमुक पुनर्वसन वसाहतीतील सात मजली इमारतींच्या लिफ्ट वर्षभरापासून बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर छापलेले असते. हे अंशतः खरे आहे. संबंधित यंत्रणेस आवश्यक त्या सूचना देण्यात आल्या आहेत. आणि शेवटच्या कलमापुढे ठरलेले तीन शब्द: प्रश्न उद्भवत नाही. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीचा प्रश्न मात्र दवाखान्याच्या प्रत्येक तारखेला उद्भवतो.

या कागदी खेळाला कंटाळून आपल्या राजकारणाने दुसरी एक पद्धत शोधून काढली आहे. आढावा बैठक लावायची, अधिकाऱ्यांना ओळीने बसवायचे, मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवायचा आणि त्यातल्या एकाला उभे करून चारचौघांत झापायचे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरतो, लोक खूश होतात, ‘साहेबांनी चांगलीच हजेरी घेतली’ म्हणतात. २०१९ च्या पावसाळ्यात कणकवलीत महामार्गाच्या खड्ड्यांवरून एका आमदाराने आणि त्याच्या समर्थकांनी उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतला होता. देशभर बातमी झाली, अटकही झाली. मुंबई–गोवा महामार्ग त्यानंतरही वर्षानुवर्षे अपुराच राहिला. तो उपअभियंता त्या रस्त्याचा ठेका ठरवत नव्हता, निधी आणत नव्हता, भूसंपादनही करत नव्हता. तो फक्त हाताशी सापडला होता.

एकीकडे यादीत मरून जाणारा प्रश्न आणि दुसरीकडे कॅमेऱ्यासमोरची झाडाझडती. यांच्या मधली जागा आपल्याकडे ओस पडली आहे. लोकप्रतिनिधीने अधिकाऱ्याला प्रश्न विचारणे हे लोकशाहीतले फार मोठे काम आहे असे मी मानतो. पण गरिबांच्या घरांबाबत हा प्रश्न आपण चुकीच्या बाजूला उभे राहून विचारतो. खात्याला खात्याचे विचारतो. वस्तीच्या बाजूने, सगळ्या खात्यांना एका जागी बसवून विचारायचे असते, ते कोणी करत नाही.

मुंबईचेच उदाहरण घेऊ, कारण इथे या कामाचा सगळ्यात मोठा अनुभव आहे आणि सगळ्यात मोठे अपयशही. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. १९९५ साली युतीचे सरकार आले ते ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन देऊन. अफजलपूरकर समिती नेमली गेली, १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात दुरुस्ती झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एसआरए, उभे राहिले. ४० लाख माणसे म्हणजे आठ लाख घरे. तीस वर्षांत झालेली घरे त्याच्या निम्म्यालाही पोचलेली नाहीत. घराचे माप मात्र वाढत गेले: आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीतल्या एका रखडलेल्या योजनेचा निकाल देताना नोंदवले की या एका कायद्याखालची १,६१२ प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात पडून आहेत. त्यावर न थांबता, कायद्याच्या अंमलबजावणीचेच परीक्षण करा, असे उच्च न्यायालयाला सांगितले. कायदा विधिमंडळाने केला होता, राबवणारे प्राधिकरण सरकारचे होते, आणि ‘हे चालते आहे का’ हा साधा प्रश्न विचारायची वेळ न्यायाधीशांवर आली. आमदारांनी याचा थोडा तरी विषाद मानायला हवा होता.

आता मे २०२५ मध्ये राज्याने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले आहे. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचे घोषवाक्य. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक. म्हणजे पुढची पाच वर्षे सभागृहात काय विचारले जाणार ते आजच सांगता येते: उद्दिष्ट किती, साध्य किती, उर्वरित कधी. सगळी गणती चावी हातात दिल्याच्या फोटोपाशी संपते.

चावीनंतरचे आयुष्य कोणाच्या ताब्यात असते ते पाहा. इमारत बांधतो बिल्डर, मंजुरी देते एसआरए, प्रकल्पबाधितांची यादी पाठवते एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, नाहीतर महापालिका. घरोघरचे पाणी पालिकेच्या जलखात्याचे. कचरा घनकचरा विभागाचा. बस बेस्टची. लिफ्टचा परवाना राज्य सरकारच्या निरीक्षकाचा, देखभाल सोसायटीची. सोसायटीची नोंदणी उपनिबंधकाकडे. शाळा पालिकेच्या शिक्षण विभागाची आणि दवाखान्यासाठी राखलेल्या भूखंडाचा ताबा अजून मालमत्ता विभागाकडे आलेला नसतो. यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा, तो शांतपणे सांगेल की हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. राग येतो तो इथे. पण गंमत अशी की तो बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याच्या अखत्यारीत ते येत नाहीच. प्रत्येक जण आपल्यापुरता खरा आणि सगळ्यांची बेरीज मात्र अंधारलेला जिना आणि कोरडा नळ, अशी ही व्यवस्था आहे.

माहुलमध्ये हे सगळे एकत्र पाहायला मिळते. चेंबूरच्या दक्षिणेला, तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांना लागून एव्हरस्माइल नावाची वसाहत उभी राहिली. ७२ इमारती, १७ हजारांवर सदनिका, प्रत्येकी २२५ चौरस फुटांच्या. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही अंगांच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटवायच्या होत्या. त्या माणसांना इथे आणून ठेवले गेले. त्याआधीच, २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाडा भागातल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले होते. तरी घरांचे वाटप सुरूच राहिले. लोक आजारी पडू लागले. शाळा लांब, मोठा दवाखाना लांब, कामाची जागा तर त्याहून लांब. २०१८ च्या अखेरीस काही कुटुंबे घरे सोडून विद्याविहारला, आपल्या पाडलेल्या झोपड्यांच्या जागेजवळ, पदपथावर येऊन बसली. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत द्या.

या सगळ्या काळात ‘प्रकल्पबाधितांसाठी घरे उपलब्ध आहेत काय’ असे पालिकेला विचारले असते, तर ‘होय, माहुल येथे उपलब्ध आहेत’ असेच उत्तर आले असते. ते खोटे ठरले नसते. घरे होती, कुलपेही होती. ती राहण्याजोगी आहेत का, हे तपासणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. प्रदूषण नियंत्रण मंडळ हवा मोजते, घरे मोजत नाही. पालिका घरे मोजते, हवा मोजत असली तरी ती दुसऱ्या खात्यात. हे दोन कागद एका टेबलावर आणणारा माणूस लागतो, आणि आपल्या व्यवस्थेत तो माणूस अधिकारी असू शकत नाही, कारण प्रत्येक अधिकारी कुठल्या ना कुठल्या खात्याचाच असतो. नगरसेवक तेवढा खात्याचा नसतो. तो वस्तीतून निवडून येतो. नळ, गटार, बस, टीबी, शाळा, लिफ्ट, सगळे त्याच्याच दारात येऊन पडते. अखत्यारीचे कारण त्याला देता येत नाही, कारण मतदार ते ऐकून घेत नाही.

माहुलची पुढची हकिकत आणखी बोलकी आहे. २०२५ च्या मार्चमध्ये पालिकेने तिथल्या पडून राहिलेल्या ९,०९८ सदनिका आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या, प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना. मुंबईत या किमतीत घर म्हणजे खरे तर उड्या पडायला हव्या होत्या. पण प्रतिसाद इतका थोडका आला की मुदत वाढवावी लागली. पालिकेचे सफाई कामगार आणि शिपाई यांनी एक हजार पानी अहवालात जे सापडले नसते ते उत्तर अर्ज न भरून दिले. ज्या हवेत राहायची सक्ती करू नका असे न्यायालय सांगते, त्या हवेतली घरे आपल्या माणसांना पैसे घेऊन विकावीत हा विचार कोणाच्या टेबलावर सुचला, त्यावर अभिप्राय कोणी दिला, आरोग्य खात्याला विचारले का? हे प्रश्न विचारायला तेव्हा सभागृहच नव्हते.

७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, न्यायालयातल्या तारखा असे करता करता निवडणूक पुढे जात राहिली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे बजावले, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली, तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. जवळपास चार वर्षे २२७ जागांवर कोणी नव्हते. या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समितीच्या जागी बसून तो मंजूर करणारेही तेच. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प, काही छोट्या राज्यांना जमणार नाही एवढा, असाच मंजूर झाला. हजारो कोटींची रस्ते काँक्रिटीकरणाची कंत्राटे अशीच निघाली. एकही हरकतीचा मुद्दा नाही, एकही सभा तहकुबी नाही, ‘प्रस्ताव दप्तरी दाखल करा’ म्हणणारे कोणी नाही. २०२३ मध्ये पालकमंत्र्यांनी पालिका मुख्यालयात स्वतःसाठी दालन घेतले, नागरिकांची गाऱ्हाणी ऐकायला. माजी नगरसेवकांनी त्यावर गोंधळ घातला, तो राजकीय होता हे उघड आहे. पण मंत्र्याला पालिकेत येऊन बसावेसे वाटले, यातच तिथे काहीतरी रिकामे पडले होते हे दिसते.

ही पोकळी मुंबईने तरी सहन करायला नको होती, कारण हा खेळ या शहराला दीडशे वर्षे ठाऊक आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले आयुक्त झाले. माणूस धडाडीचा. मंडई बांधली, रस्ते केले, गटारे केली, आणि पालिकेला कर्जात बुडवले. करदाते चिडले. १८७१ च्या त्या वादातून पुढच्या वर्षीचा कायदा झाला, ६४ जणांची पालिका आली आणि तिचे निम्मे सदस्य करदाते निवडून देऊ लागले. मतदार मूठभर होते आणि बहुतेक श्रीमंत होते, पण तत्त्व तेव्हाच ठरले: काम आयुक्त करतील आणि त्यांना जाब निवडून आलेले विचारतील. १८८८ च्या कायद्यात ते पक्के झाले. आयुक्त कितीही कार्यक्षम असला तरी त्याला एक विचारणारा लागतो, हे क्रॉफर्ड साहेबांनी आपल्याला नकळत शिकवले.

आणि विचारणे म्हणजे काय, ते गोरेगावने शिकवले. मृणाल गोरे १९६१ मध्ये पालिकेत निवडून गेल्या. त्यांचा विषय होता पाणी. उपनगरांच्या वाट्याला येणारे पाणी, त्याचा दाब, जलवाहिनीचा व्यास, टाकीची क्षमता हे त्यांनी अभियंत्यांकडून शिकून घेतले आणि मग त्याच अभियंत्यांना सभागृहात विचारले. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ केले. पुढे महागाईविरोधात लाटणे मोर्चे निघाले, १९७७ ला त्या लोकसभेत गेल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा अजूनही जुन्या माणसांच्या ओठांवर आहे. पण घोषणेपेक्षा मला त्यांचे नंतरचे काम महत्त्वाचे वाटते. कमाल नागरी जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सरकारने गरिबांच्या घरांसाठी घ्यायची होती. बडे जमीनमालक ती सोडवून नेत होते, सवलतीच्या कलमांमधून. मृणालताई आणि प. बा. सामंत यांनी ते कलम, ती जमीन आणि तो सर्व्हे नंबर धरून ठेवला. सभागृहात विचारले, मंत्रालयात विचारले, न्यायालयात विचारले. त्यातून दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची हजारो घरे उभी राहिली. कुठल्याही अधिकाऱ्याला त्यासाठी झापावे लागले नाही. तोच प्रश्न वर्षानुवर्षे, न कंटाळता, कागद हातात घेऊन विचारावा लागला.

आता कोणी म्हणेल, तो काळ गेला, ती माणसे गेली. आजचा नगरसेवक प्रश्न विचारतो तो उत्तर मिळावे म्हणून की ‘भेटायला’ यावे म्हणून? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना हाकलावे लागले होते. आपल्याकडे तर मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांवर रोकड सापडली. पैसा कोणाचा, कशासाठी, यावर आरोप-प्रत्यारोप झाले, चौकशी लागली. त्या चौकशीचा निर्वाळा काहीही येवो, सामान्य माणसाने ती बातमी वाचून आश्चर्य व्यक्त केले नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. शिवाय मुंबईत बिल्डर आणि लोकप्रतिनिधी ही दोन वेगळी माणसे असतीलच असे नाही. एसआरएच्या योजनेला विरोध करणारा पत्रव्यवहार कधी थांबतो आणि का थांबतो, याच्या गोष्टी प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळतात.

पण या रोगावर उपाय म्हणून प्रश्नच बंद करायचे, हे प्रशासकराजने चार वर्षे करून पाहिले. भ्रष्टाचार थांबल्याचे कोणाच्या कानावर नाही. उपाय उलट्या दिशेला आहे. प्रश्न बंद दाराआड विचारला तर तो विकता येतो. उघड्यावर, तारखेसह, उत्तरासह छापला तर त्याची किंमत उतरते. आपल्या विधिमंडळ समित्यांच्या बैठका पत्रकारांना आणि लोकांना खुल्या नसतात. लोकलेखा समितीसमोर सचिवाची साक्ष होते, ती काय झाली हे अहवाल पटलावर येईपर्यंत कळत नाही, आणि अहवाल येतो तेव्हा तो सचिव निवृत्त झालेला असतो. ब्रिटनच्या संसदेत गृहनिर्माण समितीपुढे अधिकाऱ्यांची होणारी उलटतपासणी कोणीही घरबसल्या पाहू शकतो. आपल्या संसदीय पद्धतीत आपण त्यांचे बरेच काही उचलले, हे तेवढे उचलले नाही.

अधिकाऱ्यांची बाजूही इथे सांगायला हवी. वॉर्ड ऑफिसमधल्या दुय्यम अभियंत्याकडे स्वतःचे काम आणि वर एखाददुसरा अतिरिक्त कार्यभार असतो. बदली झाली की आधीच्याने काय लिहिले ते शोधण्यात महिना जातो. ‘झाले नाही, कारण पाइप अपुरा आहे आणि निधी मागून दोनदा नाकारला गेला’ असे प्रामाणिक उत्तर त्याने बैठकीत दिले तर वरचा साहेब त्याला नंतर बघून घेतो. त्यामुळे तो शिकतो की ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच सगळ्यात सुरक्षित वाक्य. जो लोकप्रतिनिधी चांगला प्रश्न विचारतो तो या अभियंत्याला खरे बोलायची जागा करून देतो. निधी कोणी नाकारला, हा पुढचा प्रश्न तो अभियंत्याला न विचारता त्याच्या साहेबाला विचारतो. झापणारा नेमके उलटे करतो. तो सगळ्यात खालच्याला धरतो आणि वरच्याला चहाला बोलावतो.

चांगला प्रश्न लहान असतो आणि अडचणीचा असतो. पुनर्वसन इमारत सोसायटीच्या ताब्यात देताना बिल्डरने दर घरामागे देखभालीसाठी ठरावीक रक्कम जमा करायची असते. पूर्वी ती २० हजार होती, नंतर ४० हजार झाली. तर विचारावे: या अमुक इमारतीची ती रक्कम कोणत्या खात्यात आहे, व्याज कोणाला मिळते, लिफ्टसाठी त्यातून आजवर किती दिले? लिफ्टची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? पाण्याचे मीटर किती, पंपाचे वीजबिल किती महिने थकले? यातल्या एकाही प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर देता येत नाही. आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. विधिमंडळात मंत्र्याने दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती नावाची समिती आहे. तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, कारण तिथे भाषण करायला मिळत नाही.

मोठे प्रश्नही अशाच लहान प्रश्नांतून वर येतात. गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींची पाहणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केली होती. तिथे साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोगाचा रुग्ण सापडला. जवळच्याच पीएमजी वसाहतीत, जिथे इमारतींमध्ये अंतर अधिक आहे, हे प्रमाण शंभरात एक होते. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. आता क्षयरोगाचा प्रश्न सभागृहात येतो तो आरोग्य विभागाकडे: रुग्ण किती, औषधे आहेत का, पोषण आहाराचे पैसे मिळतात का. नगररचनाकाराला कोणी विचारत नाही की दोन इमारतींत अवघे तीन मीटर अंतर ठेवायची सवलत कोणत्या नियमाने दिली आणि ती आजही नव्या योजनांना देता का. डॉक्टर गोळ्या देतो आहे आणि त्याच वेळी दुसरे खाते पुढच्या रुग्णांसाठी इमारतीचे आराखडे मंजूर करते आहे. हा प्रश्न त्या दोघांना एकाच बैठकीत विचारला गेला, तरच त्याला काही अर्थ.

म्हाडाच्या संक्रमण शिबिरांचेही तेच. १९६९ मध्ये मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती मोजल्या तेव्हा त्या १९,६४२ भरल्या. त्यातल्या कोसळलेल्या, रिकाम्या केलेल्या इमारतींतली माणसे तात्पुरती म्हणून शिबिरात गेली आणि तिथे त्यांची नातवंडे मोठी झाली. म्हाडाने आता रहिवाशांचे अ, ब, क असे गट केले आहेत: मूळचे, मूळच्यांकडून विकत घेतलेले आणि घुसखोर. दर अधिवेशनात घुसखोरांची संख्या विचारली जाते, कारण त्यात सनसनाटी आहे. ‘अ’ गटातले कुटुंब सरासरी किती वर्षे शिबिरात आहे आणि बृहतसूचीत, म्हणजे कायमच्या घराच्या प्रतीक्षायादीत, त्याचा क्रमांक मागच्या पाच वर्षांत किती सरकला, हे विचारायचे राहून जाते.

पाण्याच्या बाबतीत तर न्यायालयाने वाट करून दिली आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडले. धोरणाखाली प्रत्येक प्रभागात किती अर्ज आले, किती जोडण्या दिल्या, किती अर्ज कोणत्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी अडले, हा तक्ता नव्या नगरसेवकांनी पहिल्याच वर्षी मागायला हवा. रेल्वे, वन, खारफुटी, विमानतळ अशा किती मालकांची नावे त्यात निघतील, ते वाचण्यासारखे असेल.

आता सभागृह पुन्हा भरले आहे. नव्याने निवडून आलेल्यांपैकी अनेक जण पहिलटकर आहेत, आणि प्रशासकाच्या काळात अधिकाऱ्यांची विचारले न जाण्याची सवय पक्की झाली आहे. पहिल्या वर्षात नामकरणाचे प्रस्ताव, सुशोभीकरणाचा निधी आणि कोण कोणाला बोलू देत नाही यावरची भांडणे भरपूर होतील; ती होऊ द्यावीत, लोकशाहीत तेही चालते. पण प्रभाग समितीची बैठक दर महिन्याला असते आणि तिथे फारसे कॅमेरे नसतात. खरे काम तिथे करता येईल. अडचण एकच आहे. प्रभाग समितीपुढे पालिकेचे अभियंते, आरोग्य अधिकारी, शाळा निरीक्षक येतात. एसआरए, म्हाडा, एमएमआरडीए यांचे कोणी येत नाही, कारण ती राज्य सरकारची प्राधिकरणे आहेत आणि नगरसेवकाला उत्तर द्यायला ती बांधील नाहीत. म्हणजे ज्यांनी वसाहत बांधली तेच वसाहतीच्या बैठकीत गैरहजर.

हे बदलायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. एसआरएचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. म्हाडा गृहनिर्माण विभागाखाली येते आणि एमएमआरडीए नगरविकास विभागाखाली. पुनर्वसन वसाहती असलेल्या प्रत्येक प्रभाग समितीच्या बैठकीला या तिन्हींचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हजर राहील, लेखी प्रश्नाला ३० दिवसांत उत्तर देईल आणि ते उत्तर पालिकेच्या संकेतस्थळावर लावले जाईल, असे एक परिपत्रक काढता येईल. सुरुवात एम पूर्व आणि एम पश्चिम या दोन वॉर्डांपासून करावी. माहुलच्या उरलेल्या सदनिकांचे पुढे काय करायचे, हा त्या बैठकीचा पहिला विषय असू शकतो.